पुढचे चार, मागचे चार

नोलीन पॅस्कोने लग्नाला होकार दिला तेव्हा तिच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळात साडेपाच वाजले होते. मर्व ट्रँटरच्या मनगटावर साडेसहा. भांडण खरं तर तिथंच सुरू झालं होतं, पण आनंदाच्या भरात ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

जिंगारा गावाच्या मधोमध एक रस्ता आहे आणि रस्त्याच्या मधोमध एक पांढरी रेघ. रेघेच्या उत्तरेला क्वीन्सलंड राज्य, दक्षिणेला न्यू साउथ वेल्स. उन्हाळ्याच्या तोंडावर ऑक्टोबर उजाडला की दक्षिणेकडची माणसं सरकारच्या हुकमाने घड्याळं तासभर पुढे करतात आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे आणतात. उत्तरेकडची माणसं हा खेळ बघून नाक मुरडतात, घड्याळाला बोटही लावत नाहीत. त्यामुळे अख्खा उन्हाळा गावात दोन वेळा नांदतात. दक्षिणेची पुढची, उत्तरेची मागची. दात उपटायचा असो, केस कापायचे असोत, जिंगाऱ्यात कुणी वेळ सांगितली की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "पुढचे की मागचे?"

मर्व गावचा बेकरीवाला. वय सदुसष्ट, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. घर दक्षिणेला आणि बेकरी उत्तरेला, म्हणजे हा गृहस्थ पहाटे चारला घरातून निघायचा आणि रस्ता ओलांडून तीनला दुकानात पोचायचा. घड्याळ पुढे करायला तो कधी विसरला नाही. मागे करायला मात्र दर वर्षी न चुकता विसरायचा आणि एप्रिलच्या त्या रविवारी चर्चच्या बंद दाराशी टाय लावून तासभर ताटकळायचा. नोलीन राहायची बेकरीला लागूनच, उत्तरेला. तिच्या नवऱ्याच्या गाई होत्या. नवरा गेला, गाई विकल्या, पण पहाटे उठायची सवय काही गेली नाही. चौतीस वर्षं तिने गावच्या शाळेत शिकवलं होतं, त्यामुळे अर्धं गाव अजून तिला बाई म्हणायचं आणि तिच्यासमोर च्युइंगगम गिळून टाकायचं.

होकारानंतर मर्वने तिला मोठ्या थाटात जेवायला बोलावलं. सहाला ये म्हणाला. ती सहाला आली, पण स्वतःच्या सहाला. तोवर मर्वच्या ओव्हनमधली मेंढीची तंगडी बुटाच्या तळव्यासारखी झाली होती. पुढच्या आठवड्यात तिने त्याला बोलावलं. हा आपल्या सहाला दारात हजर, आणि ती केसांत गुलाबी रोलर लावून उभी. तेही दोघांनी हसण्यावारी नेलं. मग एका संध्याकाळी प्रश्न निघाला, लग्नानंतर राहायचं कुठं?

"माझ्याकडे," दोघंही एकदमच म्हणाले.

"अगं, माझी बाग बघ, व्हरांडा बघ," मर्व म्हणाला. "आणि तुझ्याकडे संध्याकाळ होते न होते तोच अंधार."

"आणि तुझ्याकडे सकाळ होतच नाही. मी जन्मभर सूर्याबरोबर उठलेय. तुझ्या घरी सूर्य तासभर उशिरा उगवतो."

"सूर्य एकच आहे, नोलीन."

"मग त्याला एकाच वेळी उगवू दे की! घड्याळं पुढे ढकलून कुणाचं भलं झालंय? गाईंना कळतं का घड्याळ?"

"तुझ्याकडे गाई कुठं आहेत आता?"

हे बोलायला नको होतं. नोलीनने कप विसळला, पालथा घातला आणि दिवा मालवला, मर्व अजून खुर्चीत बसलेला असताना. तिथून जो अबोला सुरू झाला तो नऊ दिवस टिकला. मर्व पाव भाजायचा, ती शेजारीच राहून पाव रेघेपलीकडच्या दुकानातून आणायची. तोही कालचा.

आता यात आयव्हर क्विल्टी पडला. आयव्हर निवृत्त पोस्टमास्तर आणि गावच्या सभागृहाचा अध्यक्ष. हे सभागृह बरोबर रेघेवर बांधलेलं आहे, दार उत्तरेत आणि रंगमंच दक्षिणेत. आयव्हर त्याला शोभेलसाच. माणूस इतका निःपक्षपाती की क्रिकेटच्या सामन्यात पाऊस पडून खेळ थांबला की यालाच काय तो आनंद. गावाने आपली एकच कायमची वेळ ठरवावी आणि तसा अर्ज दोन्ही सरकारांना धाडावा, असं त्याच्या मनात कधीचं होतं.

"वादविवाद ठेवू," तो दोघांना एकत्र बसवून म्हणाला. "मर्व, तू कायमची पुढची वेळ मांड. एकदा पुढे केलेलं घड्याळ पुन्हा मागे नाही. नोलीन, तू कायमची मागची वेळ मांड. गाव मत देईल. तुमचाही निकाल लागेल आणि गावाचाही."

"चालेल," नोलीन आयव्हरकडे बघत म्हणाली. मर्वकडे बघायचं नव्हतंच. "जो हरेल त्याने बॅग भरायची आणि रेघ ओलांडून यायचं."

"आणि नाहीच आला तर?" आयव्हरने विचारलं.

"मग लग्न नाही."

मर्वचा चेहरा मैद्यासारखा पांढरा पडला. पण माणूस हट्टी. "मंजूर," म्हणाला. घरी जाऊन मात्र बराच वेळ कुत्र्याला जवळ घेऊन बसून राहिला. या वयात एवढं मिळालं होतं आणि ते एका तासापायी जातंय की काय, या विचाराने त्याला जेवण गेलं नाही.

आयव्हरने नोटीस लिहायला घेतली. 'शनिवार, दुपारी चार वाजता. येताना प्रत्येकाने खाण्याची एक थाळी आणावी.' इथवर ठीक. मग त्याचं पेन अडलं. पुढचे चार लिहावं तर मर्वची बाजू घेतल्यासारखं, मागचे चार लिहावं तर नोलीनची. सभेच्या आधीच अध्यक्ष पक्षपाती! शेवटी त्याने नुसते चार लिहिले आणि समाधानाने नोटीस दारावर चिकटवली. सभागृहात दोन घड्याळं होती, दोन्हीकडची. तीही त्याने भांडी पुसायच्या फडक्यांनी झाकून टाकली.

जन्मात पहिल्यांदा जिंगाऱ्यात कुणी 'पुढचे की मागचे' विचारलं नाही. कारण दोन्हीकडे चांगुलपणाची लाट आली होती.

"हे बघा," मर्व आपल्या दक्षिणेच्या मंडळींना पबमध्ये म्हणाला, "त्यांना आपली वेळ कळत नाही बिचाऱ्यांना. आपण मागचे चार धरू. निदान वेळेवरून तरी तिला बोल लावायला जागा नको."

"आपण पुढचे चार धरायचे," नोलीनने उत्तरेच्या मंडळींना बजावलं. "आपल्यामुळे कुणाला ताटकळावं लागलं असं व्हायला नको. शिस्त म्हणजे शिस्त."

"होय बाई," उत्तरेकडचे एका सुरात म्हणाले.

शनिवारी पुढचे चार वाजले, म्हणजे उत्तरेचे तीन, आणि नोलीनची तेवीस माणसं थाळ्या घेऊन सभागृहात दाखल झाली. दक्षिणेकडच्या लोकांनी खिडकीतून ती वरात पाहिली आणि म्हटलं, वा, टेबलं मांडायला लवकर चालले, किती समंजस! आत पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. समोरच्या बाजूचं चिटपाखरू नाही.

"घाबरले!" स्टॅन हॉज म्हणाला. हा दूधवाला. घड्याळ पुढे केलं की खिडकीचे पडदे तासभर जास्त उन्हात राहून विटतात, या मतावर तो तीस वर्षं ठाम होता. त्याला मर्वच्या घरी पिटाळलं. तो हसत परत आला. "कुत्रा भुंकतोय आणि मालक घोरतोय. फाटकापर्यंत ऐकू येतंय. उठवू का?"

नोलीनला वाटलं, लग्न होणार की मोडणार याचा आज निकाल, आणि हा झोपतो? पण ती एवढंच म्हणाली, "झोपू दे. पहाटे तीनपासून भट्टीपुढे उभा असतो तो."

"मग तू जिंकलीस," आयव्हर म्हणाला. "विरोधी वक्ता गैरहजर."

टाळ्या वाजल्या. नोलीन उठली, आणि टाळ्या आपोआप थांबल्या. बाई उठल्या की वर्ग शांत व्हायचा, ते अजून अंगात होतं.

"गैरहजर मुलाला मी कधी नापास केलेलं नाही," ती म्हणाली. "त्याची बाजू आधी मीच मांडते. मग माझी. मग हात वर करा."

सुरुवात तिने रुक्षच केली. दुकानं दुपारनंतर चालतात, पोरांना शाळेतून आल्यावर ओढ्यावर पोहता येतं, वगैरे. मग थोडं थांबली. "आणि एक मुद्दा आहे, तो मर्व स्वतः कधी बोलणार नाही. त्याची ग्वेन गेली ती हिवाळ्यात. मला एकदाच म्हणाला होता, नोलीन, अंधार पडला की घर फार मोठं होतं गं. उन्हाळ्यात जेवण झाल्यावर तो बागेत टोमॅटोंना पाणी घालतो, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारतो. तो एक तास उजेड आहे म्हणून पुढची रात्र त्याला जाते. आपल्यापैकी एकटं जेवणारं इथं कोण कोण आहे? मला हात वर करून दाखवू नका. मला माहीत आहे."

सभागृहात कुणी नाक शिंकरलं. नोलीनने मग स्वतःचीही बाजू मांडली, पण घाईघाईने, आणि गाईंचा मुद्दा तर तिने गाळूनच टाकला.

मत घेतलं. कायमच्या पुढच्या वेळेला बावीस. मागच्या वेळेला एक, पडदेवाल्या स्टॅनचं.

"बाई, हे काय केलंत हो!" स्टॅन ओरडला. "आपल्याच लोकांना फितवलंत!"

"हरले," नोलीन म्हणाली. स्वतःशीच जरा हसली आणि बॅग भरायला घरी गेली. बाकीचे बावीस जण रेघेपलीकडच्या वेळेला मत देऊन बसल्याच्या शरमेने, एकमेकांकडे न बघता गुपचूप घरी गेले आणि दारं लावून बसले. आयव्हरने मतांचा कागद बिस्किटांच्या डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि खुर्चीवर बसून राहिला. उठून जाण्यासारखं काही नव्हतं. नोटिशीत चार लिहिले होते आणि उत्तरेचे चार अजून वाजायचे होते.

ते वाजले. दक्षिणेची तेवीस माणसं थाळ्या घेऊन आली, पुढे मर्व, भांग पाडलेला, नवा टाय. आणि आत बघतो तर टेबलावर निम्म्या रिकाम्या थाळ्या.

"खाऊन गेले की हे!" कुणीतरी म्हणालं. "पाव्हलोव्हा केक तर चाटूनपुसून संपवलाय."

मर्व टेबलापाशी गेला. निळ्या काठाची थाळी त्याच्या ओळखीची होती. त्यात खजुराच्या स्कोनचा चुरा तेवढा उरला होता. "आयव्हर, नोलीन येऊन गेली?"

"एका बाजूची गोष्ट दुसऱ्या बाजूला सांगणं अध्यक्षाला शोभत नाही."

"अरे लेका, माझं लग्न आहे हे!"

"म्हणूनच जास्त जपायला हवं," आयव्हर म्हणाला. "विरोधी वक्ता गैरहजर आहे. तुला विजयी घोषित करू?"

मर्वने मनाशी हिशेब केला. आली, वाट पाहिली, कंटाळली आणि गेली. दुसरं काय असणार? ती नसताना जिंकून तिला घरी आणायचं, तर तिच्यापुढे तोंड कसं दाखवायचं? त्याने खिशातलं भाषण काढलं, बघितलं आणि परत खिशात कोंबलं.

"मला भाषण येत नाही," तो म्हणाला. "नोलीनला येतं. तिने असं सांगितलं असतं की आपल्या उन्हाळ्याला ऊन काय कमी पडतंय, म्हणून ते आणखी तासभर लांबवायचं? खरंच आहे ते. पण मी तुम्हाला माझं एक सांगतो. मी पहाटे भट्टी पेटवतो तेव्हा अख्ख्या गावात अंधार असतो. साडेचारला शेजारच्या खिडकीत दिवा लागतो. मग ती मागच्या पायरीवर चहा घेऊन बसते, मॅगपाय पक्षी येतात, त्यांच्याशी बोलते. त्यांना शुद्धलेखन शिकवत असावी. उजेड फुटताना रोज ती तिथं असते. मी पावाचे ट्रे बाहेर काढताना बघतो. ग्वेन गेल्यावर दुकान बंदच करणार होतो मी, पण पहाटे तो दिवा लागायचा, म्हणून उठत राहिलो." त्याने टाय सैल केला. "तिची पहाट कुणी तासभर हलवू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. पुढच्या वेळेबद्दल मला आता काही बोलायचं नाही."

कायमच्या मागच्या वेळेला बावीस. पुढच्या वेळेला एक. ते क्लाइव्ह नावाच्या एका गृहस्थाचं, आणि त्याचंही म्हणणं असं की हात मत द्यायला नव्हे, माशी हाकलायला वर केला होता. आयव्हर म्हणाला, वर गेलेला हात मोजला जातो.

मर्वने घरी जाऊन दोन शर्ट, दाढीचं सामान आणि कुत्र्याचं भांडं बॅगेत भरलं. कुत्रा साखळीला लावला आणि उन्हं कलायच्या आत रस्त्यावर आला. समोरून नोलीन येत होती. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात चहाची किटली. दोघं रेघेशी आले आणि थांबले.

"कुठं निघालीस?" मर्वने घाबरून विचारलं.

"तुझ्याकडे. हरले मी. तू कुठं?"

"तुझ्याकडे. मी हरलो."

"दोघं कसे हरू? आणि तू तर घोरत होतास! आमचे वीस मिनिटं डोळे लागले होते दाराकडे."

"कधी? मी बरोबर चारला आलो. मागच्या चारला. तुझ्यासाठी."

"अरे देवा," नोलीन म्हणाली आणि बॅगेवरच बसली. "मी पुढचे चार धरले. तुझ्यासाठी."

तेवढ्यात आयव्हर बिस्किटांचा डबा घेऊन आला. त्याने दोन्ही कागद उघडून वाचले. पुढची वेळ तेवीस, मागची वेळ तेवीस. इतका सुंदर निकाल त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. "माझ्याकडे अध्यक्षाचं मत आहे," तो म्हणाला, "पण ते मी देणार नाही."

"देऊ नकोस," नोलीन म्हणाली. ती कागदांकडे बघत होती. तेविसातले बावीस तिच्या बाजूला पाडले कुणी, हे तिला आता कळलं होतं. "मर्व, तू काय बोललास तिथं?"

"काही नाही. पक्ष्यांबद्दल थोडं. तू काय बोललीस?"

"टोमॅटोंबद्दल."

 कुत्रा एव्हाना रेघ ओलांडून नोलीनच्या पायाशी जाऊन बसला होता. पुढचे की मागचे, त्याला काही फरक पडत नव्हता.

"मला असं वाटतं," मर्व हळूच म्हणाला, "पहाट तुझ्याकडे. तिथं ती लवकर होते. आणि जेवण झालं की संध्याकाळ माझ्याकडे. तिथं ती जास्त टिकते. रस्ता ओलांडायला कितीसा वेळ लागतो?"

"जाताना एक तास," नोलीन म्हणाली. "पण येताना तो परत मिळतो." आणि नऊ दिवसांनी पहिल्यांदा ती खळखळून हसली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्यांचे पडदे हलले. त्यात स्टॅनचे विटलेलेही होते.

अर्ज आयव्हरने तेवीस-तेवीस मतांसकट दोन्ही सरकारांना धाडला. दोन्हीकडून उत्तर आलं, योग्य वेळी विचार केला जाईल. कुठल्या वेळी, ते लिहिलं नव्हतं.

लग्नाला मुहूर्त धरला एप्रिलचा पहिला रविवार. त्या दिवशी दक्षिणेची घड्याळं मागे येतात आणि गाव सहा महिने एका वेळेवर चालतं. आयव्हरने पत्रिकेत छातीठोकपणे लिहिलं, 'सकाळी दहा.' आता भांडणाला जागाच नव्हती.

रविवारी मर्वने दाढी केली, टाय बांधला. घड्याळात दहाला पाच कमी. तो धापा टाकत चर्चपाशी पोचला. दार बंद. गाडी नाही, फूल नाही, माणूस नाही.  दहा वाजले, आणि कुणी नाही. म्हणजे तिने विचार बदलला. या वयात कुणी बदलणारच. गाव तेवढं समजुतीने घरी बसलंय, आपल्याला तोंड द्यायला नको म्हणून.

"इकडे ये," बाजूच्या पायरीवरून आवाज आला.

नोलीन बसली होती. फिकट निळा झगा, केसांत एक फूल, शेजारी किटली आणि दोन कप. एकात चहा ओतून झाला होता.

"बस. नऊच वाजलेत. घड्याळ मागे करायला विसरलास."

मर्वने मनगटाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "मग तू एवढ्या लवकर कशी आलीस?"

"सहा वर्षं माझ्या खिडकीतून बघतेय," ती दुसरा कप भरत म्हणाली. "दर वर्षी या दिवशी तू टाय लावून या दाराशी एकटा उभा असतोस. म्हटलं, या वर्षी नको."